व्हॉल्व्ह क्रमांक एकोणीस

सोमवार, ३ फेब्रुवारी

ही वही खास आणली. रोजची डायरी कारखान्यात टेबलावर उघडी पडलेली असते. आज जे लिहायचं आहे ते त्या डायरीत माझ्या सहायकाच्या नजरेला पडलं, तर मला राजीनामा देऊन गाव सोडावं लागेल.

विषय असा. सप्टेंबरपासून माझं जमत नाही. काय जमत नाही हे स्वतःच्या वहीतसुद्धा लिहायला हात अडखळतो, म्हणजे पाहा. लिहितो. नवरा-बायकोतलं जे असतं, ते. ऐन वेळी अंग साथ सोडतं. पहिल्यांदा झालं तेव्हा मी म्हणालो, उद्या ऑडिट आहे, डोक्यात तेच चाललंय. दुसऱ्यांदा म्हणालो, पाठ धरली आहे. तिसऱ्यांदा कारणच सुचेना, म्हणून तेव्हापासून ही झोपेपर्यंत मी कागद घेऊन हॉलमध्ये बसतो. ही म्हणजे माझी बायको. एप्रिलमध्ये आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतील.

काल हिने जाहीर केलं की सत्तावीस एप्रिलपासून चार दिवस आपण दोघं डोंगरातल्या एका हॉटेलात जायचं. लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात असते, तिनेच म्हणे खोली ठरवून दिली. चार दिवस. तिथे हॉल नसणार आणि कागदही नसणार.

पण मी काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं सुरक्षा अधिकारी आहे. बिघाड झाला की रडत बसायचं नसतं. कारण शोधायचं, उपाय ठरवायचा, तारीख टाकायची. फोनवर एक व्हिडिओ सापडला आहे. दंडांवर नसा फुगलेला एक तरुण सांगतो की दोष ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा. ते स्नायू आवळायचे, दहा आकडे धरायचे, सोडायचे. बारा आठवड्यांत पुरुष नव्याने उभा राहतो, असे त्याचे शब्द. आजपासून सत्तावीस एप्रिलपर्यंत बरोबर बारा आठवडे आहेत.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

स्नायू सापडत नाही.

सकाळपासून मी काय काय आवळलं नाही! पोट आवळलं, मांड्या आवळल्या, बैठक आवळली, एकदा तर दात आवळले. व्हिडिओतला म्हणतो, लघवी मध्येच थांबवून बघा, जो थांबवतो तोच तो. म्हणून कारखान्यातल्या स्वच्छतागृहात दुपारी प्रयोग केला. थांबवली. सोडली. थांबवली. सोडली. शेजारी सहायक उभा होता, हे माझ्या ध्यानात नव्हतं. हा माणूस निवृत्तीला आला तरी त्याच्या चौकशा संपत नाहीत.

"साहेब, तब्येत बरी आहे ना? नाही, अडकत अडकत चाललंय म्हणून विचारलं."

"मला टप्प्याटप्प्याने काम करायची सवय आहे," मी म्हणालो.

त्याने आदराने मान हलवली. पण स्नायू सापडला! संध्याकाळपर्यंत चाळीस वेळा केलं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

नोंद नाही ते काम झालंच नाही, हे मी सव्वीस वर्षं कामगारांना घसा फोडून सांगत आलो आहे. तेव्हा माझ्याच कामाची नोंद नको का? पण ही वही घरी, आणि व्यायाम तर कारखान्यात, भोंगा वाजला की: आठ, बारा आणि पाच. तिथे उघड काही लिहिणं शक्य नाही.

शेवटी युक्ती काढली. कारखान्यात पाण्याचे आणि वाफेचे मिळून अठरा व्हॉल्व्ह आहेत, प्रत्येकाचा तपासणी तक्ता माझ्याच रजिस्टरमध्ये. मी एक कोरा तक्ता घेतला आणि भरला.

उपकरण: व्हॉल्व्ह क्र. १९. ठिकाण: तळभाग. बसवल्याचं वर्ष: माझं जन्मवर्ष. शेवटची दुरुस्ती: कधीच नाही. दैनंदिन चाचणी: उघडझाप साठ वेळा. शेरा: दाब कमी, सुधारणा अपेक्षित. खाली सही केली.

सही केल्यावर जिवाला जे बरं वाटलं, ते गेल्या पाच महिन्यांत वाटलं नव्हतं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आज चमत्कार झाला. मोठ्या साहेबांची बैठक होती. मागचं आणीबाणीचं दार कायमचं बंद करून तिथे खोक्यांची थप्पी लावायची, असा त्यांचा बेत. एरवी मी नियमाचं पुस्तक काढतो, कलम वाचतो, साहेब घड्याळ बघतात, आणि शेवटी थप्पी लागतेच. आज मात्र मी नेमका व्यायामाच्या तिसऱ्या संचात होतो. दहापर्यंत धरलेलं असताना बोलता येत नाही. मी साहेबांकडे बघत नुसता बसलो.

साहेब बोलता बोलता अडखळले. मग म्हणाले, "हे बघा, तुम्ही असे माझ्याकडे बघू नका. दार बंद करायचंच असं काही मी म्हटलं नाही."

मी सोडलं आणि पुन्हा धरलं.

"बरं बाबा, राहू दे ते दार उघडं!"

बाहेर आल्यावर सहायक म्हणाला, "साहेब, आज तुमचा चेहरा काय होता! मी तर घाबरलोच." व्हिडिओतल्याने सांगितलंच होतं, आतली ताकद वाढली की चेहऱ्यावर तेज येतं. अकराव्या दिवशीच आलं. उघडझाप शंभरावर नेली.

बुधवार, १९ फेब्रुवारी

प्रगती चांगली आहे. आता संध्याकाळचा संच घरीही करतो. टीव्ही बघताना केला तर कोणाला पत्ता लागत नाही.

हिने नवा गाऊन घेतला आहे, निळा. केसही रंगवून आली. लेकीने डोक्यात भरवलं असणार. माझा सहावा संच चालू असताना ही समोर येऊन उभी राहिली, टीव्हीच्या मध्ये, आणि म्हणाली, "अहो, खरं सांगा, मी जाड झाले का?"

मी तेव्हा चारवर होतो. चारवर सोडलं तर संच बाद होतो. म्हणून पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा मोजले, सोडलं, श्वास घेतला आणि म्हणालो, "छे, अजिबात नाही." अगदी मनापासून म्हणालो. ही आत गेली. बायकांना उत्तर हवं असतं तेव्हा प्रश्न नसतो आणि प्रश्न असतो तेव्हा उत्तर नको असतं. असो. संच पूर्ण झाला.

गुरुवार, २० फेब्रुवारी

ही लेकीच्या खोलीत झोपायला गेली. आमच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज होतो म्हणाली. पंखा बघितला, तेल घातलं, आवाज कसलाच नाही. पण मी आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. आता मला हॉलमध्ये कागद घेऊन बसावं लागत नाही आणि पलंगावर पाय पसरून सकाळचा संच करता येतो. सत्तावीस एप्रिलला हिला एकदम आश्चर्याचा धक्का देईन.

सोमवार, ३ मार्च

रोज दोनशे. व्हिडिओतला म्हणतो, जितकं जास्त तितकं उत्तम. कारखान्यात तर माझा दबदबा वाढतच चालला आहे. भट्टीवरच्या कामगारांसमोर मी नुसता उभा राहतो, दहा मोजतो, आणि चष्मा न घातलेले चष्मे घालतात, हातमोजे काढून ठेवलेले हातमोजे शोधायला पळतात. एकाने तर न विचारता कबूल केलं की परवा गरम बाटली त्याच्याच हातून फुटली. सव्वीस वर्षं मी ओरडून जे करू शकलो नाही ते आता तोंड न उघडता होतंय. माणसाने पाया मजबूत केला पाहिजे हेच खरं.

घरी मात्र या तेजाचा उपयोग दिसत नाही. चहा पिताना ही म्हणाली, "असं काय बघता माझ्याकडे?" मी म्हणालो, "कसं?" तर कप उचलून आत गेली. तिचा अर्धा चहा तसाच होता.

बुधवार, १२ मार्च

तीनशे. बसताना जरा दुखतं. खाली, आत, नक्की कुठे ते सांगता येत नाही. लघवीला उभं राहिलं की आधी बराच वेळ काही होतच नाही, आणि मग होतं तेही नळाला पाणी नसल्यासारखं. व्हिडिओखाली एकाने लिहिलं आहे की दुखणं म्हणजे स्नायू वाढण्याची खूण. खुर्चीवर उशी घेऊन बसतो. सहायकाने विचारलं तर सांगितलं, पाठीसाठी. "पाठ इतकी खाली कधी आली साहेब?" म्हणाला. याला निवृत्तीपूर्वी एखादं ताकीदपत्र द्यायला हवं.

शेऱ्यात लिहिलं: दाब वाढला आहे. गळती नाही. थोडा ताण जाणवतो.

मंगळवार, १८ मार्च

तोंडचं पाणी पळालं आहे.

बाहेरून ऑडिटर आला. बारीक मिशीचा, चष्म्यावरून बघणारा माणूस. सगळे तक्ते घेऊन तो व्हॉल्व्ह मोजत फिरला. अठरा मोजले, आणि माझ्या रजिस्टरवर बोट ठेवून म्हणाला, "एकोणीस कुठाय?"

तो तक्ता मी रजिस्टरच्या शेवटी सुटा ठेवला होता. सहायकाने गेल्या आठवड्यात सगळे सुटे कागद भोकं पाडून ओळीने लावले. चांगलं काम केलं असं मी त्याला म्हणालोही होतो.

ऑडिटर मोठ्या साहेबांसमोर मोठ्याने वाचायला लागला. "चौपन्न वर्षं जुना. एकदाही दुरुस्ती नाही. आणि रोज तीनशे वेळा उघडझाप? साहेब, हा व्हॉल्व्ह आहे की चेष्टा? इतक्या जुन्या मालाला रोज तीनशे वेळा चालवतं का कोणी? त्याचं बूच झिजून गेलं असेल!"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी घाबरून आपोआप आवळलं. साहेबांनी लगेच नजर खाली घातली.

"ठिकाण तळभाग लिहिलंय," ऑडिटर म्हणाला. "म्हणजे तळघरच ना? चला."

मी म्हणालो, तळघराची किल्ली आज सापडत नाही. सव्वीस वर्षांत मी किल्ली हरवल्याची ही पहिली नोंद.

गुरुवार, २० मार्च

अहवाल आला. त्यातलं कलम चार जसंच्या तसं उतरवून ठेवतो: "व्हॉल्व्ह क्र. १९ आयुर्मर्यादा ओलांडून गेला आहे. त्याच्याकडून यापुढे कार्याची अपेक्षा ठेवणे धोक्याचे. तात्काळ निकामी घोषित करून नवा बसवावा. सुरक्षा अधिकाऱ्याने तसा दाखला सही करून द्यावा."

दाखला टेबलावर आहे. सकाळपासून पेन हातात घेतो आणि खाली ठेवतो. हजारो दाखल्यांवर मी डोळे मिटून सही केली असेल. याच्यावर हात चालत नाही. सहायक म्हणाला, "साहेब, एका जुन्या व्हॉल्व्हसाठी इतकं काय वाईट वाटून घेता?" मला एकदम रडू येईलसं वाटलं. त्याला मी चहा आणायला पाठवलं.

संध्याकाळी साहेबांना जाऊन सांगितलं, असा व्हॉल्व्हच नाही, माझ्या हातून चुकून भरलं गेलं.

साहेब म्हणाले, "अहो, चुकून कसं? दीड महिना रोज सही आहे तुमची. चाचणी झाल्याची! नाही म्हणालात तर बाकीच्या अठरा व्हॉल्व्हांच्या सह्यांवर कोण विश्वास ठेवील? कारखाना बंद करायचाय का?"

"मग काय करायचं?"

"आहे म्हणायचं. आणि नवा बसवायचा."

बुधवार, २६ मार्च

तळघरात लाल रंगाचा नवा कोरा व्हॉल्व्ह बसवला. भिंतीत दोन बोल्ट मारून. त्याला ना आत येणारी नळी आहे ना बाहेर जाणारी. वर पत्र्याची पाटी, क्रमांक १९. ऑडिटर आला, चाक फिरवून बघितलं, म्हणाला, "वा, किती हलका चालतो!" आणि समाधानाने गेला. रोज जाऊन त्याची उघडझाप करायची आणि सही करायची असा साहेबांचा लेखी आदेश आहे.

दुपारी खुर्चीवरून उठताना कळ आली आणि मी टेबल धरून तसाच वाकून उभा राहिलो. आता लपवण्यात अर्थ नाही. उद्या डॉक्टर.

गुरुवार, २७ मार्च

डॉक्टरांना मी सुरुवातीला पाठ सांगितली. मग मांडी सांगितली. ते पेन खाली ठेवून म्हणाले, "तुम्ही खरं सांगेपर्यंत मी पुढचा पेशंट बघू का?" मग सगळं सांगितलं. सप्टेंबरपासूनचं.

ते हसले नाहीत. हसतील याची मी इतकी तयारी करून गेलो होतो की ते हसले नाहीत तर मला पुढे काय बोलावं तेच सुचेना. म्हणाले, या वयात हे अर्ध्या पुरुषांचं होतं आणि त्यातले बहुतेक पहिल्यांदा डॉक्टरकडे न जाता फोनकडे जातात. रक्तदाब मोजला, बराच वर होता. साखरही तपासायला दिली. हे सगळं त्या एका तक्रारीशी जोडलेलं असतं म्हणे, आणि मी सहा महिने आधी आलो असतो तर बरं झालं असतं. मग एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे चिठ्ठी दिली.

बुधवार, २ एप्रिल

बाई माझ्या लेकीहून सात-आठ वर्षांनी मोठ्या असतील. मी खुर्चीच्या कडेवर बसून छताकडे बघत उत्तरं दिली. त्यांनी तपासलं. विचारलं, "रोज किती वेळा करता?"

"तीनशे." जरा अभिमानानेच म्हणालो.

"अरे देवा! मी लोकांना तीस सांगते. तेही बसवून, शिकवून. आणि लघवी थांबवून बघायची ती फार तर एकदा, ओळखण्यापुरती. तुम्ही रोज करत होतात?"

त्यांनी समजावलं ते असं. व्यायाम चांगला, अनेकांना त्याचा फायदा होतो, पण मी तो स्नायू रात्रंदिवस मुठीसारखा मिटून ठेवला आहे. तो आता उघडायचंच विसरला. त्यामुळे दुखतं, त्यामुळे लघवी अडते, आणि ज्यासाठी हे आरंभलं तेही त्यामुळे आणखी बिघडलं. शिवाय मी श्वास रोखतो, पोट ओढतो, आणि तोंड विचित्र करतो.

"तोंड विचित्र म्हणजे?"

"ते तुम्ही आरशात बघा," त्या म्हणाल्या.

सहा आठवडे आवळणं पूर्ण बंद. पाठीवर पडायचं, गुडघे वर, पोटात श्वास घ्यायचा आणि खालचं सगळं सैल सोडायचं. एक कागद दिला, चित्रासह, वर 'आवळण्याचा व्यायाम बंद' असं लिहून. सहा आठवडे म्हणजे मे उजाडणार. मी सत्तावीस एप्रिल सांगितली. त्या म्हणाल्या, "तारीख कोणाला दिली आहे का तुम्ही?" कोणालाच दिली नव्हती. माझी मीच दिली होती.

घरी येऊन पाठीवर पडलो. सैल सोडायला सव्वीस मिनिटं झटलो. जमलं नाही.

शनिवार, ५ एप्रिल

शर्टाच्या खिशात तो कागद राहिला आणि शर्ट धुवायच्या टोपलीत गेला. सकाळी माझ्या चहाच्या कपाखाली घडी करून ठेवलेला सापडला. ही समोर बसली होती.

"हे तुमचं?"

नाही म्हणणार होतो, पण वर माझं नाव, वय, सगळं.

"कधीपासून करताय?"

"फेब्रुवारी."

ही माझा चेहरा न्याहाळत म्हणाली, "म्हणजे ते भुवया वर करून डोळे वटारायचे ते याच्यामुळे?"

"कसल्या भुवया?"

"आता करा बरं."

"बंद करायला सांगितलंय."

"एकदाच करा."

केलं. हिने उठून भिंतीवरचा आरसा काढला आणि माझ्यासमोर धरला. चांगला माणूस होतो हो मी! आरशात मात्र एखादा अधिकारी शेणात पाय पडल्यावर बघतो तसा एक जण बघत होता. म्हणजे साहेब, कामगार, तेज, दबदबा, सगळं हे होतं.

"श्वास धरताय," ही म्हणाली. "पोट आत ओढताय. चुकतंय तुमचं. हे चेहऱ्याने करायचं नसतं."

"तुला काय माहीत?"

"मला काय माहीत? दोन वर्षं केलंय मी हे. लेक झाल्यावर. शिंकले, खोकले, हसले की कपडे ओले व्हायचे माझे. त्या दवाखान्यातल्या नर्सने शिकवलं. रोज भांडी घासताना करायचे."

मी म्हणालो, "मला का नाही सांगितलंस?"

हिने आरसा खाली ठेवला. "सांगितलं होतं," म्हणाली. आणि मग, खिडकीकडे बघत: "या वेळीही मी काहीबाही धरून चालले होते. वाटलं, नकोशी झाले. तुम्ही हॉलमध्ये बसायला लागलात. मग गाऊन आणला, केस रंगवले. जाड झाले का विचारलं तर तुम्ही दहा आकडे मोजेपर्यंत माझ्याकडे तसं तोंड करून बघत राहिलात आणि मग नाही म्हणालात. दुसरी खोली धरली ती म्हणून. पंख्याला काय झालंय?"

मला खूप काही बोलायचं होतं. सोपं होतं, चार वाक्यांचं होतं. तेवढ्यात माझ्या तोंडातून निघालं, "पंख्याला तेल घातलं होतं मी."

ही उठून आत गेली. मी कारखान्यात आलो. शनिवार, अर्धा दिवस. तळघरात जाऊन तो लाल चाकाचा व्हॉल्व्ह उघडला, बंद केला, सही केली आणि पायरीवर बसून राहिलो.

रविवार, ६ एप्रिल

सांगितलं होतं म्हणाली. मला आठवत नाही. माझ्या जुन्या डायऱ्या माळ्यावर एका खोक्यात आहेत. ही बाजारात गेल्यावर शिडी लावून उतरवल्या. लेकीच्या जन्माच्या वर्षाची आणि त्याच्या पुढच्या वर्षाची अशा दोन काढल्या.

एक एक पान वाचलं. भट्टी क्रमांक दोनची दुरुस्ती आहे. आगीच्या कवायतीला चार मिनिटं वीस सेकंद लागले, ते आहे. लेकीचं वजन आहे, दर महिन्याचं, ग्रॅमपर्यंत. हिच्याबद्दल कुठे काही नाही. मग नऊ ऑगस्टला सापडलं.

"ही म्हणाली, खोकला आला की त्रास होतो. कामावरून येताना खोकल्याचं औषध आणलं. मोठी बाटली. घरचा प्रश्न मिटला."

ही परत आली तेव्हा मी शिडीच्या खालच्या पायरीवरच बसलो होतो, मांडीवर डायरी. तिने पिशव्या ठेवल्या, माझ्या हातातून डायरी घेतली, वाचलं.

"हो," म्हणाली. "कडू होतं फार. सगळी बाटली प्यायले मी."

"का पण?"

"तुम्ही आणली होती ना."

एवढं बोलून ती पिशव्यांमधलं सामान लावायला लागली. मला तिला हात लावायचा होता. खांद्याला. मी उठलो, आणि माझ्या लक्षात आलं की सहा महिन्यांत मी हिच्या नुसत्या खांद्यालाही हात लावलेला नाही. पुढचं जमणार नाही म्हणून आधीचंही सगळं मी बंद करून टाकलं होतं. परीक्षा माझी चालली होती आणि नापास ती होत होती.

हात लावला नाही. लाज वाटली. सामान लावू लागलो.

गुरुवार, १७ एप्रिल

साखर काठावर आहे, रक्तदाबाची गोळी चालू झाली, सकाळी चालायला जातो. ही बरोबर येते. फारसं बोलत नाही, पण येते. सैल सोडायचा व्यायाम तीच करवून घेते, जमिनीवर चटई टाकून. "खांदे सोडा. जबडा सोडा. आता खालचं. अहो, ढकलू नका, सोडा!" तिच्याइतका कडक निरीक्षक मी आमच्या खात्यात पाहिला नाही. बसताना दुखणं बरंच कमी झालं.

सहल रद्द करायची का, मी विचारलं. तयार काहीच झालेलं नाही, हे मी बोललो नाही. ती म्हणाली, "का? डोंगर हलणार आहे का?"

कारखान्यात माझा दबदबा संपला. मोठ्या साहेबांनी आज पुन्हा मागच्या दाराचा विषय काढला. मी त्यांच्याकडे बघितलं, पण नुसतं बघितलं. त्यांना काही वाटलं नाही. मग मी पुस्तक काढून कलम वाचलं, तीनदा वाचलं, आणि दार बंद केलंत तर मी सरकारी निरीक्षकाला लेखी कळवीन म्हणालो. दार उघडंच राहिलं. वेळ लागला एवढंच.

रविवार, २७ एप्रिल

दुपारी तीन वाजता हॉटेलात पोचलो. वही बरोबर घेतली होती, ही खाली बागेत गेली आहे तेवढ्यात लिहितो.

खोलीत शिरल्यावर सवयीप्रमाणे आधी बाहेर पडायचा मार्ग बघितला, मग दाराची कडी. मग पलंग दिसले. दोन. एकेका माणसाचे, खोलीच्या दोन टोकांना. लेकीने काय सांगितलं आणि हॉटेलवाल्यांनी काय ऐकलं कोण जाणे. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते प्रामाणिकपणे लिहितो: सुटलो. आणि दुसऱ्या क्षणी स्वतःची शिसारी आली.

ही बॅग उघडत होती. तिने आपला टॉवेल काढून खिडकीजवळच्या पलंगावर ठेवला. म्हणजे तो तिचा. निमूटपणे, गाजावाजा न करता, लेकीच्या खोलीत गेली होती तसंच.

मी माझ्या पलंगावर बसलो आणि बोलायला लागलो. मोजलं नाही, कलम लावलं नाही. म्हणालो, "तू नकोशी झालीस म्हणून नव्हतं ते. माझं होत नाही. सप्टेंबरपासून. तीनदा प्रयत्न केला, नाही झालं, आणि मला इतकी भीती बसली की तुझ्या जवळ यायचीच भीती वाटायला लागली. जवळ आलो आणि पुन्हा तसंच झालं तर, म्हणून. ऑडिट नव्हतं. पाठही नव्हती. आजसुद्धा होईल की नाही मला माहीत नाही. बहुतेक नाही होणार."

तिने टॉवेलाची घडी मोडून पुन्हा घातली. मला वाटलं, आता रडेल, किंवा मीच रडेन.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच."

"सात महिने एवढंच घेऊन बसला होतात?"

मी मान हलवली. ती खोली ओलांडून माझ्या पलंगाशी आली. तो पलंग एका माणसाला जेमतेम पुरेल एवढाच होता.

"सरका तिकडे," म्हणाली.

मी भिंतीपर्यंत सरकलो.